फुलपाखरांचं डोमिसाईल

मी त्या गावात रुजू व्हायला गेलो तेव्हा ग्रामपंचायतीच्या पायरीवर एक बाई लाखोळीची भाजी निवडत बसली होती. मी म्हटलं, "सरपंचबाई कुठं भेटतील? मी नवीन सचिव." आमच्याकडे ग्रामसेवकाला सचिवच म्हणतात, उगाच मंत्रालयात बसल्यासारखं वाटतं. बाईंनी मान वर न करता हात पुढे केला. "पुरावा?" मी बदलीचा आदेश दिला. त्यांनी तो वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली आणि म्हणाल्या, "हा त कागद झाला. तुमीच तो सचिव, याचा काय पुरावा?" मी आधार कार्ड काढलं. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "फोटोत केस जास्त हायेत," म्हणाल्या आणि मला आत जायला पायरीवर वाट करून दिली. त्याच सरपंचबाई होत्या.

गावानं त्यांचं नाव पुरावाबाई ठेवलं होतं. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. मासेवाला म्हणाला, सकाळीच धरले, की त्या माशाचे कल्ले उघडून पाहायच्या. धाकटा दीर म्हणाला, वहिनी, मी सोडली, तर त्याला म्हणाल्या, "जवळ ये. फुंकर मार." नळाचा पाईप खोल पुरला असं ठेकेदारानं सांगितलं, तेव्हा काठी घेऊन रस्त्याच्या कडेनं खुपसत गेल्या आणि दोन ठिकाणी पाईप काठीला लागला. मी एकदा ताप आहे म्हणून लवकर निघतो म्हणालो, तर भर मासिक सभेत माझ्या कपाळावर हात ठेवला. "तापला नाही. बसा."

मला सुरुवातीला त्यांचा फार राग यायचा. मी राहायला गोंदियाजवळ कुडव्याला. तिथून सडक अर्जुनीच्याही पुढे आत, त्या गावापर्यंत रोज मोटारसायकल हाणत जायचं, हायवेवरच्या ट्रकांची धूळ खायची, आणि पोचल्यावर या बाईला सिद्ध करून दाखवायचं की मी खरंच पोचलो. पण एकदा दुपारी लाईट गेली होती, कॉम्प्युटर बंद, आम्ही दोघं नुसतेच बसलो होतो, तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगितलं.

"मी तिकडची," म्हणाल्या. तिकडची म्हणजे छत्तीसगडची. लग्न होऊन इकडे आल्या, दोन लेकरं झाली, दर वर्षी चिखलात उभं राहून धानाचे रोवणे, म्हणजे लावणी, केले, सासू-सासऱ्यांचं शेवटपर्यंत केलं. मग गावात अंगणवाडी सेविकेची जागा निघाली. शिक्षण पुरत होतं. फक्त रहिवासी असल्याचं प्रमाणपत्र हवं होतं, ज्याला सगळे डोमिसाईल म्हणतात. "मी म्हणलो, साहेब, माहे लेकरं याच गावात जन्मले. साहेब म्हणते, तो लेकरांचा पुरावा झाला, तुमचा काय? मी म्हणलो, घरासमोरचा आंबा मी लावलो, आता तो फळ देऊन राहिला. तो हासला जी." कचेरीत येरझारा घालून ते प्रमाणपत्र एकदाचं हातात आलं, तेव्हा जागा कधीच भरली होती. "तवा ठरवलो. बहुत दिवस मी देलो पुरावा. आता मी मागीन, अन् लोकं देतीन." त्या दिवसापासून माझा राग निम्मा झाला. निम्मा राहिला, कारण धूळ होतीच.

सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं आणि त्या निवडून आल्या त्या एका आश्वासनावर. गावामागं एक पहाडी आहे. तिच्या माथ्यावर सपाटीला एक टोला, म्हणजे छोटी वस्ती, आहे, आमच्याच ग्रामपंचायतीतला. तिथल्या लोकांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, तिथंच, घरं तिथंच. फक्त शाळा, दवाखाना, रेशन सगळं खाली. पहाडीच्या कुशीत खोदून काढलेला एक अरुंद रस्ता खाली यायचा. तो रस्ता रुंद करून टोल्यापर्यंत एसटी नेईन, असं बाई प्रत्येक घरी सांगून आल्या होत्या. लोक हसून म्हणायचे, लेकीसाठी करून राहिली. त्यांची थोरली लेक मंदा टोल्यात दिलेली होती. बाई म्हणायच्या, "हो, लेकीसाठीही करून राहिलो. तुमची लेक असती वर, त तुमी काय केले असते?"

रुंदीकरणाचं काम सुरू झालं. रस्त्याच्या ठेकेदारानं पहाडीचा पायथा सरळ उभा कापला आणि उन्हाळाभर सगळे खूश होते. मग पोळ्याच्या सुमारास तीन दिवस झड लागली आणि कापलेल्या भागावरची माती, झाडं, दगड सगळं घसरून रस्त्यावर येऊन बसलं. रस्त्याची बाहेरची कडाही तुटून गेली. कोणी खाली सापडलं नाही, एवढं नशीब. टोला तुटला तो तुटलाच. लेकरं चिखलातून दोराला धरून शाळेत यायची, आणि दिवाळीनंतर मळणी झाली तेव्हा धानाचं एकेक पोतं लोकांनी डोक्यावरून खाली आणलं. सरकारी कागदावर लिहायचं तर रस्ता "वाहतुकीस तात्पुरता बंद" होता. ते वाक्य मीच लिहिलं होतं आणि लिहिताना मला स्वतःलाच कसंसं झालं.

दुरुस्तीला मंजुरी मिळाली आणि त्याच आठवड्यात दरडीच्या शेजारी वनखात्यानं हिरवी पाटी लावली. "सावधान. संरक्षित फुलपाखरांचा अधिवास. येथे खोदकाम करण्यास सक्त मनाई आहे." बाई पाटीसमोर उभ्या राहिल्या, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं आणि मला विचारलं, "सचिवजी, अधिवास म्हणजे डोमिसाईल ना?" मी म्हटलं, "हो, पण इथं त्याचा..." "डोमिसाईलच ना?" मी हो म्हटलं. तहसीलच्या प्रमाणपत्रावर तर तसंच छापलेलं असतं, वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास. पुढचं ऐकायला बाई थांबल्याच नाहीत. समोरून येणारी काळीपिवळी त्यांनी हात करून थांबवली आणि बसून गेल्या.

दुपारी तहसील कचेरीतून मला फोन. "अहो सचिव, तुमच्या सरपंचबाई इथं येऊन बसल्यात. म्हणतात, फुलपाखरांना डोमिसाईल कोणत्या टेबलावरून दिलं ते टेबल दाखवा." मागून बाईंचा आवाज येत होता. "मले इतकं फिरवले. या पाखरानं कोनता कागद आनला ते त दाखवा. जन्माचा दाखला आनला का शाळेचा?" फोनवरचा माणूस हसून हसून बेजार झाला होता आणि मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळी बाई गाडीतून उतरल्या तेव्हा त्यांचं तोंड पाहून माझं हसू गेलं. फार रागावल्या की त्यांची माहेरची बोली बाहेर यायची. "काबर?" का म्हणून, एवढंच म्हणाल्या आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या मॅडम आल्या. कोल्हापूरकडच्या, वयानं लहान, बोलायला सरळ. बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि मग मनातलं सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "बाई, अधिवास म्हणजे घर हो. ते जिथं राहतात ती जागा."

"मंग घर लिवा ना. डोमिसाईल कायले लिवता? मानसाचं रगत आटते तो शब्द वाचला का."

मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. बदलते." महिन्याभरात ती पाटी खरंच बदलली. "इथे फुलपाखरांचं घर आहे." पण त्या दिवशी बाईंना एवढ्यानं समाधान कुठलं. "घर हाय म्हणता. पुरावा?"

मग आम्ही तिघं दरडीपाशी गेलो. घसरलेल्या भागाला लागूनच पहाडीचा एक पट्टा शाबूत होता. त्यावर झुडपांच्या आधारानं एक बारीक वेल पसरली होती. मॅडमनी पान उलटं केलं. खाली एक काळपट लाल अळी होती, अंगावर मऊ काटे असलेली. हिचंच ते फुलपाखरू होतं, काळ्या पंखांचं, लाल पोटाचं, पंखांवर पांढरे पट्टे. मॅडमनी सांगितलं की ते आता दुर्मीळ होत चाललंय आणि त्याची अळी एवढ्या एकाच वेलीचा पाला खाते. बाई वाकून पाहत होत्या. "अशी अळी आमच्या धानावर दिसली असती त सकाळीच फवारा मारलो असतो. अन् हिले वाचवाचं?" मॅडम म्हणाल्या, हो. "दुसरा काही पाला खात नाही?" नाही. "नखरे हायेत हिचे." थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "अन् हे वेल गेली, त ते कुठं जातीन?" मॅडम म्हणाल्या, "कुठंच नाही. संपतील."

बाईंनी ते पान हळूच पुन्हा सुलटं केलं. उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "दुसरा ठिकाणाच नाही, त मंग ते याच गावचे झाले ना जी. कागद असो का नसो." त्या दिवसापासून त्यांच्या बोलण्यात फरक पडला. टोल्याचा विषय निघाला की म्हणायच्या, वर दोघं राहतात, टोल्यातले अन् पाखरं, दोन्ही माहेच. लोक म्हणायचे, बाईला वेड लागलं. मलाही अधूनमधून तसं वाटायचं.

आता धान पिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यात जो उपाय येईल तोच त्यांच्या डोक्यात आला. रोवणा. "मॅडम, आमी पऱ्हे उपटतो अन् दुसऱ्या बांधीत लावतो. अख्खा जिल्हा त्याच्यावर जेवते. हे वेलही तशीच नेऊ पहाडीच्या मागं. तुमची अळी तिकडे खाईन, आमचा रस्ता इकडे होईन." मॅडमनी समजावलं की ही जंगलातली वेल आहे, हिचं मूळ खोल असतं, असं जमणार नाही. बाईंनी हट्टच धरला. शेवटी मॅडमनी वरून परवानगी आणली आणि थोड्याशा वेली काढून पाहायला हो म्हणाल्या.

गावातल्या बाया जमल्या. रोवण्याला जमतात तशाच, डोक्याला फडकी बांधून, गाणं म्हणत. मातीच्या गोळ्यासकट वेली काढल्या, पहाडीच्या मागच्या अंगाला लावल्या, घागरीनं पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी वेलींनी माना टाकल्या. बाई म्हणाल्या, धानही दोन दिवस मान टाकते, मंग उभा होते. त्या रोज पहाडी ओलांडून पाहून यायच्या. आठवडाभरानं पानं काळी पडली. एकही वेल उभी राहिली नाही. बाई दोन दिवस पंचायतीत फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम बरोबर बोलत होती. मले वाटलं, जे मी उपटून लावलो ते उगवतेच." माझ्या पाहण्यात त्यांनी आपली चूक एवढी मोकळेपणानं कधी कबूल केली नव्हती.

तोवर संक्रांत आली आणि मंदाला दिवस गेल्याचं कळलं. श्रावण-भादव्याच्या आसपास बाळंतपण. पुढच्या पावसाळ्याआधी रस्ता झाला नाही तर काय, हा प्रश्न आता बाईंच्या घरात जेवायला बसला होता.

बांधकामाचे अभियंते गोंदिया शहरातले. मराठीत सुरू करायचे आणि हिंदीत संपवायचे. त्यांनी ग्रामसभेत दोन वाटा मांडल्या. एक म्हणजे पूर्ण पहाडी सिमेंटनं बांधून काढायची, रस्ता रुंद, वर एसटी. पण त्यात वेलीचा पट्टा जाणार, आणि वनखात्याची परवानगी या पावसाळ्याआधी येणं अशक्य. दुसरी वाट म्हणजे पायथ्याला लोखंडी जाळीत दगड भरून भिंत, माथ्यावर नाली काढून पाणी बाजूला वळवायचं, पोटातलं पाणी बाहेर यायला पाईप, आणि वेलीचा पट्टा आहे तसा ठेवायचा. रस्ता मात्र अरुंदच राहील. जीप जाईल, ॲम्ब्युलन्स जाईल, एसटी नाही. "सब पानी का खेल है बाई," ते म्हणाले. "पानी को रास्ता दिया, तो पहाड अपनी जगह बैठता है."

"अन् नाही बसला त?" बाईंनी विचारलं. "लिवून देता का, घसरणार नाही म्हणून?"

"मैं मेरा काम लिखके दूँगा. पहाड का लिखके कोई नहीं देता."

सभेत गलका झाला. कोणी म्हणालं, एक वर्ष थांबू, पण सिमेंटच करू. कोणी म्हणालं, पाखरासाठी एसटी घालवायची का. मागून एक जण हळूच म्हणाला, त्या वेलीवर तणनाशक मारून टाका, मंग कायची परवानगी अन् कायची पाटी, कोण पाहते. बाई गरकन वळल्या. "कोन पाहते? मी पाहतो. मारून त दाखव." तो माणूस खाली बसला. बायकांच्या रांगेत मंदा बसली होती. बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग अभियंत्यांकडे, आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "जाळीची भिंत करा. एसटी नको." ज्या बाईनं माझ्या कपाळावर हात ठेवून ताप तपासला, तिनं अख्खी पहाडी एका माणसाच्या शब्दावर स्वीकारली. सभा उठल्यावर मी कुलूप लावत होतो तेव्हा त्या पायरीवर बसल्या होत्या. "सचिवजी, मले भेव लागून राहिला," म्हणाल्या. मी तिथंच बाजूला बसलो. मलाही भीती वाटत होती आणि ते मी त्यांना सांगितलं.

उन्हाळ्यात काम झालं. बाई रोज तिथं. जाळीत दगड भरणाऱ्यांना म्हणायच्या, फट ठेवू नका, अन् पाईपाचं तोंड बुजवू नका. यंत्राचा पंजा वेलीच्या पट्ट्याकडे जरा जरी वळला, की त्या छत्री उघडून मध्ये उभ्या. चालवणारा पोरगा मला म्हणायचा, साहेब, इस छत्री से डर लगता है. मॅडम दर आठवड्याला यायच्या. त्या आणि बाई एका झाडाखाली बसून डबा खायच्या आणि मोठमोठ्यानं भांडायच्या. कशावरून, ते मला कधी कळलं नाही, पण डब्यातली चटणी दोघींना सारखीच लागायची.

मृग लागला तसा रस्ता सुरू झाला. पहिल्या पावसात पाईपांतून लालसर पाणी वाहू लागलं, ते पाहायला अर्धं गाव आलं. नंतर पाणी स्वच्छ झालं. एकदा वरून थोडी माती सुटली आणि भिंतीमागे अडकली. बाईंनी अभियंत्यांना एवढे फोन केले की शेवटी ते येऊन पाहून गेले आणि म्हणाले, भिंत त्याच्यासाठीच बांधली आहे बाई. तरीही आभाळ भरलं की त्यांचा जीव थाऱ्यावर नसायचा. मंदाला रोज निरोप, माहेरी येऊन राहा. मंदा म्हणायची, रोवणा आटपू दे. शेवटी बाई स्वतः वर गेल्या. मीही घरपट्टीच्या कामानं सोबत होतो. मंदा बांधीच्या धुऱ्यावर उभी होती. आईचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, रस्ता पक्का हाय असं तूच म्हणून राहिली ना सगळ्याईले? मंग मीच भिऊन खाली पळून आलो, त हे लोकं काय म्हणतीन?"

बाईंनी छत्री उचलली आणि खाली निघाल्या. उतरताना भिंतीतल्या प्रत्येक पाईपाचं तोंड वाकून पाहिलं.

आणि मग श्रावणात तो दिवस आला. सकाळपासून पाऊस असा की पंचायतीच्या दारातून समोरची शाळा दिसत नव्हती. दुपारी टोल्यातून फोन आला. मंदाला कळा सुरू झाल्या, दिवसांच्या आधीच. मी ॲम्ब्युलन्स बोलावली. बाई छत्री न घेताच पहाडीकडे चालू लागल्या आणि मी मागून.

ॲम्ब्युलन्स आली आणि दरडीच्या जागेपाशी थांबली. वरून पाणी कोसळत होतं, पाईपांतून धारा लागल्या होत्या, वेलीचा पट्टा वाऱ्यानं हलत होता. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, मागच्या साली इथंच दरड पडली होती ना? मी गाडी नाही टाकत." त्याचं चूक नव्हतं, त्यालाही घरदार होतंच. बाई त्याच्याशी वाद घालत बसल्या नाहीत. त्या गाडीपुढं गेल्या आणि भिंतीला चिकटून, दरड जिथून आली होती नेमक्या त्या जागेखालून चालू लागल्या. मध्यावर जाऊन वळल्या, तिथंच उभ्या राहिल्या आणि हातानं त्याला खूण केली, ये. मी ओरडलो, बाई, बाजूला व्हा. त्यांनी ऐकलं नाही. ड्रायव्हरनं देवाचं नाव घेतलं आणि गिअर टाकला.

गाडी वर गेली. परत येईपर्यंत बाई तिथून हलल्या नाहीत. पाऊस तोंडावर घेत, मान वर करून त्या पहाडीकडे पाहत होत्या, ओठ हलत होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. शूर म्हणून नाही. त्या बाईला तिथं एकटीला सोडून मला परत जाता येईना. गाडी उतरली, हळूहळू आमच्यासमोरून गेली, काचेमागं मंदा दिसली, तिनं हात वर केला. मग गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. एक दगडसुद्धा खाली आला नाही.

बाई भिंतीच्या कडेला ओल्या दगडावर बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. मीही रडलो, पावसात कोणाला कळणार होतं म्हणून जरा जास्तच. तासाभरानं जावयाचा फोन आला. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. बाईंनी फोन माझ्या हातात दिला, नाक पुसलं आणि म्हणाल्या, "त्या मॅडमले लावा." मी लावला. बाई मोठ्यानं म्हणाल्या, "मॅडम, मी आत्ता गाडी वर गेली तवा तुमाले मनात लय शिव्या देलो. तुमाले, तुमच्या वेलीले, त्या अळीले. एकही ठेवलो नाही. आता सारं झालं, पोट्टी झाली, म्हणून सांगून राहिलो. मनात ठेवू नका." पलीकडून मॅडम हसत होत्या की रडत होत्या, पावसाच्या आवाजात मला नीट कळलं नाही.

पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या आसपास, त्या पट्ट्यावर काळी-लाल फुलपाखरं एवढी उडाली की टोल्यातून शाळेत येणारी लेकरं उशिरा पोचायला लागली आणि गुरुजी तक्रार घेऊन पंचायतीत आले. एसटी मात्र वर गेली नाही. अजूनही गेलेली नाही. निवडणूक आली की विरोधक ते उगाळतात आणि बाई म्हणतात, हो, नाही गेली. 

माझी बदली तिरोड्याकडे झाली. निघालो त्या दिवशी बाईंनी घरचा नवा तांदूळ दिला. "जाऊन राहिले, त जा," म्हणाल्या. "पन तिकडे पानी पडला का तुमाले करमणार नाही, मले मालूम हाय." खरंच करमत नाही. माझ्या आताच्या गावात पहाडी नाही, सगळी सपाट बांधी. तरीही धो धो पाऊस लागला की ताट समोर असूनही मला घास जात नाही. बायको म्हणते, तुमच्या जिवाला काय झालंय. मी फोनकडे बघत बसतो. तो वाजतोच. मागच्या आठवड्यातही वाजला. पलीकडे पावसाचा आवाज, मागून नातीची बडबड, आणि बाई नेहमीसारख्या नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाल्या, "सचिवजी, पहाडी उभी हाय. जेवून घ्या."

मी जेवायला बसलो.